रायझन ५ १६०० बदलायचा का? आधी कोण कोणासाठी थांबतंय ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०१८ साली असेंबल केलेलं मशीन, एएमडीचा रायझन ५ १६०० प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, रॅमच्या आठ-आठ जीबीच्या दोन डीडीआर४ पट्ट्या. मधे ग्राफिक्स कार्ड बदलून आरटीएक्स ३०६० टीआय घातलं. मॉनिटर १०८०पी, १४४ हर्ट्झचा. एकट्याने खेळायचे गेम झकास चालतात, पण ऑनलाइन मॅचमध्ये गर्दी झाली की फ्रेम सेकंदाला साठ-सत्तरवर घसरतात, मधेच झटके बसतात, आणि सगळी सेटिंग ‘लो’ करूनही फरक पडत नाही. टास्क मॅनेजर मात्र प्रोसेसर पन्नास-पंचावन्न टक्केच वापरात असल्याचं दाखवतो. म्हणून एक मित्र म्हणतो प्रोसेसरला हात लावू नकोस, तर दुसरा म्हणतो सगळं काढ आणि एएमडीच्या नव्या एएम५ सॉकेटचं मशीन घे.

माझं मत आधीच सांगतो: दोघांचंही ऐकू नका. बहुधा प्रोसेसरच तुमचा खोळंबा करतोय, आणि बहुधा बोर्ड, रॅम, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) यांतलं काहीही न बदलता त्याच सॉकेटमध्ये (बोर्डावरच्या प्रोसेसरच्या खाचेत) दुसरा प्रोसेसर बसवून काम भागेल. ‘बहुधा’ दोनदा लिहिलंय ते उगाच नाही. मी वीसेक वर्षं मशीनं जोडतोय आणि उसवतोय, आणि या प्रश्नावर नुसतं वर्णन ऐकून दिलेली माझी उत्तरं चुकलेली आहेत. एक संध्याकाळ खर्च करून दोन-तीन गोष्टी तपासल्यात तर ‘बहुधा’ खोडता येईल. प्रोसेसर किती जुना आहे हा मुद्दाच नाही. एकेक फ्रेम तयार होताना कोण कोणासाठी थांबतंय, एवढंच शोधायचं आहे.

पहिल्यांदा त्या पन्नास टक्क्यांचा निकाल लावू, कारण सगळ्यात जास्त लोक तिथेच फसतात. तुमच्या १६०० मध्ये सहा कोअर (काम करणारे भाग) आणि बारा थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या रांगा) आहेत. टास्क मॅनेजर दाखवतो ती बाराही थ्रेडची मिळून सरासरी. एक थ्रेड पूर्ण भरला तरी त्या आकड्यात भर पडते ती जेमतेम सव्वाआठ टक्क्यांची. आता गेमची गंमत अशी की त्यातलं सगळंच काम बारा जणांत वाटता येत नाही. कोणता खेळाडू कुठे आहे, गोळी लागली की नाही, या फ्रेममध्ये काय काय काढायचं, याचा हिशेब बऱ्याच अंशी एका मुख्य थ्रेडवर एकामागून एक होतो. तो थ्रेड धापा टाकत असतो आणि बाकीचे त्याच्या तोंडाकडे बघत बसलेले असतात. सरासरी काढली की पन्नास टक्के. त्यात विंडोज तो थ्रेड सतत या कोअरवरून त्या कोअरवर हलवत असतं, त्यामुळे बारा वेगवेगळे आलेख उघडलेत तरी एकही शंभरला टेकलेला दिसेलच असं नाही. शिवाय तो आलेख साधारण सेकंदाने एकदा ताजा होतो. तुम्हाला जाणवणारा झटका असतो सेकंदाच्या विसाव्या भागाचा. तो तिथे दिसणार कसा?

तेव्हा टास्क मॅनेजर बंद करा आणि कार्डाकडे बघा. प्रोसेसर आणि कार्ड यांचं नातं म्हणजे भिंतीवर चित्राचं रेखाटन करणारा आणि त्यात रंग भरणारा अशी जोडी समजा. रेखाटणारा खडूने ‘इथे झाड, इथे माणूस, इथे सावली’ असं आखून देतो आणि पुढच्या भिंतीकडे जातो. रंगारी मागून रंग भरत येतो. रंगारी मागे पडत असेल तर रेखाटणाऱ्याला बदलून उपयोग नाही, आणि रंगारी ब्रश घेऊन उभा असेल तर आणखी चपळ रंगारी आणून काय करणार? तुम्ही मधे बहुतेक नेमकं तेच केलंय. कार्ड बदललं तेव्हा एकट्याने खेळायचे गेम सुधारले, कारण तिथे रंग भरण्याचं काम मोठं होतं. मोठ्या मॅचमध्ये रेखाटणाराच थकलेला होता, तिथे फरक पडला नाही.

चाचणी याच कल्पनेवर करायची. भिंत लहान केली तर रंगाऱ्याचं काम कमी होतं, रेखाटणाऱ्याचं तेवढंच राहतं. म्हणून गेममध्ये जा, व्हीसिंक (फ्रेमचा वेग पडद्याच्या वेगाशी बांधणारी सेटिंग) बंद करा, फ्रेमवर कुठे मर्यादा घातली असेल तर तीही काढा. ही मर्यादा तीन-तीन ठिकाणी लपलेली असते: गेममध्ये, कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये आणि एखाद्या ओव्हरलेमध्ये (गेमवर आकडे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये). एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्याबरोबर येणारा रिवाट्यूनर टाकून कार्डाचा वापर, फ्रेम आणि फ्रेमटाइमचा (एकेका फ्रेमला लागलेल्या वेळेचा) आलेख पडद्याच्या कोपऱ्यात आणा. मग जिथे त्रास होतो अशीच जागा निवडा. रिकाम्या सराव-मैदानात मोजून काहीच कळत नाही. गेममध्ये रीप्ले पुन्हा चालवायची सोय असेल तर सोन्याहून पिवळं, तेच दृश्य दोनदा मोजता येतं. एकदा १०८०पीवर चालवा, एकदा ७२०पीवर. बाकी सेटिंग जशीच्या तशी.

७२०पीवर फ्रेम वाढल्याच नाहीत, आणि कार्डाचा वापर साठ-सत्तर टक्क्यांवर आला, तर प्रोसेसरच्या बाजूने अडलंय हे नक्की. (‘प्रोसेसरच्या बाजूने’ असं म्हणतोय, ‘प्रोसेसरच’ असं नाही. का ते पुढे सांगतो.) उलट, फ्रेम भराभर वाढल्या आणि १०८०पीवर कार्ड पंचाण्णव टक्क्यांच्या वर होतं, तर कार्ड अडवतंय, आणि नव्या प्रोसेसरवर पैसे घालणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. बऱ्याचदा मधलंच काहीतरी निघतं, एका गेममध्ये हे आणि दुसऱ्यात ते. तसं झालं तर जो गेम तुम्ही रोज खेळता त्याचंच उत्तर धरा.

‘लो’ करूनही फरक पडला नाही हे तुमचं निरीक्षण याच दिशेने बोट दाखवतं, पण पुरावा म्हणून ते जरा कच्चं आहे. प्रीसेट (‘लो’, ‘हाय’ असा तयार संच) खाली आणला की कार्डाचं काम घटतं हे खरं, पण काही सेटिंग प्रोसेसरवरही भार टाकणाऱ्या असतात: किती लांबपर्यंतचं दाखवायचं, रस्त्यावर गर्दी किती, दृष्टीचा कोन किती रुंद, काही गेममध्ये सावल्या, आणि रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा हिशेब) तर नक्कीच. प्रीसेटने दोन्हीकडचं एकदम बदलतं, म्हणून नेमकं काय घडलं ते कळत नाही. रिझोल्यूशन बदलणं स्वच्छ. आणि हो, डीएलएसएस (लहान चित्र काढून ते मोठं करून दाखवणारी कार्डाची सोय) चालू केल्यावर आतलं रिझोल्यूशनच कमी होत असतं. ते ‘परफॉर्मन्स’वर टाकूनही फ्रेम हलत नसतील तर तुमची चाचणी अर्धी झालेलीच आहे.

आता सरासरी आणि झटका यांतला फरक. १४४ हर्ट्झच्या पडद्याला दर ६.९४ मिलिसेकंदांनी नवी फ्रेम हवी असते, साठ फ्रेमसाठी १६.६७ मिलिसेकंद. समजा सेकंदात शंभर फ्रेम निघाल्या, त्यातल्या नव्व्याण्णव नऊ-नऊ मिलिसेकंदांत आल्या आणि एकीने शंभराहून जास्त घेतले. सरासरी आकडा १००, दिसायला छान. हाताला मात्र ती एकच फ्रेम लागते, आणि नेमकी समोरचा गोळी झाडत असताना. म्हणून मी सरासरीला फारशी किंमत देत नाही. सगळ्यात वाईट एक टक्का फ्रेम काय वेगाने आल्या तो आकडा, ज्याला सगळे ‘वन पर्सेंट लो’ म्हणतात, तो बघतो. कॅपफ्रेमएक्स नावाचं फुकट सॉफ्टवेअर हे रेकॉर्ड करून देतं. आजचे आकडे एका कागदावर लिहून ठेवा, बदल केल्यावर याच कागदाशी तुलना करायची आहे. ‘नवीन घातल्यावर बरं वाटतंय’ यावर माझा विश्वास नाही. पैसे खर्च केले की सगळ्यांनाच बरं वाटतं.

आता ‘प्रोसेसरच्या बाजूने’ म्हटलं त्याकडे वळतो. प्रोसेसर स्वतः सुस्त असणं आणि त्याला कोणीतरी सुस्त करणं या वेगळ्या गोष्टी आहेत. यात पहिली संशयित रॅम.

एका ओळखीच्याच्या मशीनमध्ये मी असाच प्रोसेसर बदलून दिला होता. सगळं नीट सुरू झालं, गेम लावला, झटके तसेच. दोन तास ड्रायव्हर आणि विंडोजशी झटापट केली. मग कॅबिनेटचं झाकण उघडून टॉर्च मारला तर रॅमच्या दोन पट्ट्या शेजारी-शेजारी, पहिल्या आणि दुसऱ्या खाचेत. दोन्ही एकाच चॅनेलवर. म्हणजे दोन रस्ते असताना सगळी वाहतूक एकाच रस्त्यावरून चालली होती. चार खाचांच्या बहुतेक बोर्डांवर दोन पट्ट्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावायच्या असतात. एक पट्टी काढून सरकवली, दहा सेकंदांचं काम. प्रोसेसर बदलण्याआधी मी झाकण उघडून बघितलं असतं तर कदाचित त्याला तेवढ्यावरच थांबवलं असतं. तेव्हापासून टॉर्च आधी, स्क्रू ड्रायव्हर नंतर.

दुसरं, रॅमचा वेग. पट्टीवर ३२०० छापलेलं असलं तरी बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी प्रोफाइल, म्हणजे पट्टीचा छापील वेग लावणारी सोय, चालू केल्याशिवाय ती बहुधा २१३३ किंवा २४०० वरच धावते. सीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमध्ये ‘मेमरी’च्या पानावर बघा, पण तिथे दिसणारा आकडा निम्मा असतो हे लक्षात ठेवा. १६०० दिसलं तर ३२०० बरोबर आहे, घाबरू नका. १०६६ दिसलं तर मात्र तुम्ही इतकी वर्षं हँडब्रेक ओढून गाडी चालवताय. रायझनच्या सुरुवातीच्या पिढ्यांत हे जास्त झोंबतं, कारण कोअरच्या गटांना जोडणारा आतला दुवा रॅमच्याच तालावर चालतो. रॅम हळू, तर तोही हळू. एक मेख आहे: पहिल्या पिढीच्या रायझनला अधिकृतपणे २६६६ पर्यंतच झेपायचं. ३२०० लावल्यावर मशीन अडकायला लागलं तर २९३३ वर आणून बघा.

बाकीच्या गोष्टी पटकन. एचडब्ल्यूइन्फो हे सॉफ्टवेअर लावून तापमान बघा. १६०० ची मर्यादा ९५ अंश आहे, खेळताना त्याच्या आसपास फिरत असेल तर जुन्या थर्मल पेस्टची माती झालीय आणि पंख्यात धुळीची गादी बसलीय. गेम हार्ड डिस्कवर असेल तर एसएसडीवर हलवा. मागे ब्राउझरच्या चाळीस टॅब उघड्या ठेवून खेळत असाल तर १६ जीबी अपुरी पडेल. ३०६० टीआयची स्वतःची मेमरी ८ जीबी आहे, टेक्स्चर ‘अल्ट्रा’वर ठेवून ती भरली तरीही झटके बसतात आणि नाव प्रोसेसरचं खराब होतं. नवा गेम किंवा नवा ड्रायव्हर टाकल्यावर पहिल्या काही मॅचमध्ये शेडर (कार्डासाठीचे छोटे प्रोग्रॅम) तयार होताना बसणारे झटकेही यात धरू नका. ते दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत विरतात.

हे सगळं ठीक निघालं आणि ७२०पीवरही फ्रेम हलल्या नाहीत, तर १६०० ला निरोप द्यायला हरकत नाही. तो मागे का पडतो हेही कळलं पाहिजे, नाहीतर नवा निवडताना परत कोअर मोजत बसाल. १६०० चे सहा कोअर तीन-तीनच्या दोन गटांत आहेत, प्रत्येक गटाची ८ एमबी एलथ्री कॅशे (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) वेगळी. या गटातल्या कोअरला त्या गटातली माहिती हवी असेल तर तो मघाचा रॅमच्या तालावरचा दुवा ओलांडावा लागतो. गेममध्ये तर सतत विखुरलेल्या हजारो वस्तूंची माहिती लागते. ती कॅशेत सापडली नाही की रॅमपर्यंत हेलपाटा, आणि तोवर कोअर नुसता उभा. २०२० साली आलेल्या झेन ३ या रचनेत एएमडीने आठ कोअरपर्यंतचा एकच गट केला आणि सगळ्यांना मिळून ३२ एमबी कॅशे दिली. क्लॉकही वाढला: १६०० जास्तीत जास्त ३.६ गिगाहर्ट्झच्या घरात, रायझन ५ ५६०० हा ४.४ पर्यंत. कोअर सहाच, थ्रेड बाराच, वॅट ६५च. डब्यावरचे मोठ्या अक्षरातले आकडे तेच आणि आतला माणूस दुसरा. २०२२ मध्ये ५८००एक्स३डी आला, त्यात कोअरच्या चकतीवर आणखी ६४ एमबी कॅशेचा थर चढवलाय, एकूण ९६. क्लॉक उलट थोडा कमी आहे, तरी गेममध्ये तो साध्या ५८००एक्सच्या पुढे जातो, कारण रॅमपर्यंतचे हेलपाटे वाचतात.

मग तुमच्यासाठी कोणता? ३०६० टीआय आणि १०८०पी १४४ असेल, आणि पुढची दोनेक वर्षं कार्ड बदलायचं नसेल, तर ५६००. त्याच्या डब्यात कूलर येतो, आणि तुमच्याकडचा १६०० बरोबर आलेला कूलरही चालेल, खरं तर तो जरा अधिक दणकटच आहे. गेमबरोबर व्हिडिओ एडिटिंगही करत असाल तर आठ कोअरचा ५७००एक्स. सिम्युलेशनचे, शहरं उभारायचे, शेकडो सैनिक हलवायचे गेम हा तुमचा मुख्य छंद असेल, किंवा लवकरच बरंच मोठं कार्ड घ्यायचं ठरलंच असेल, तर ५७००एक्स३डी किंवा ५८००एक्स३डी. हे दोघे १०५ वॅटचे, डब्यात कूलर नाही, आणि तापतातही जास्त. वेगळा चांगला कूलर हिशेबात धरा आणि बोर्ड अगदी हलक्यातला असेल तर पुन्हा विचार करा. नवे मिळत नसतील तर जुने शोधावे लागतील. तेव्हा खालच्या पिनांचा जवळून काढलेला फोटो मागा, वरच्या झाकणाचा फोटो काय कोणीही देतो.

एका ठिकाणी लोक हमखास घसरतात. ५५०० आणि ५६००जी ही नावं ५६०० च्या शेजारची वाटतात, पण त्यांची जात वेगळी. त्यांच्यात एलथ्री १६ एमबीच आहे. थोडं वाचतंय म्हणून ५५०० घेतला तर आपण ज्यासाठी बदलतोय तीच गोष्ट अर्धी सोडून दिली. आणि झेन ३ च्या आधीच्या पिढीचा ३६००? कोणी असाच दिला तर घ्या. विकत घेऊन अर्ध्या वाटेवर थांबू नका.

आता दुसऱ्या मित्राचा एएम५. तो सॉकेट २०२२ मध्ये आला, चांगलाच आहे, पण त्यात फक्त डीडीआर५ चालते. म्हणजे प्रोसेसरबरोबर बोर्ड आणि रॅमही नवी, कदाचित कूलरही. प्रोसेसर अडवतोय एवढ्यावरून हे सगळं करणं म्हणजे नाल सापडली म्हणून घोडा घेण्यातला प्रकार. एएम४ चं, म्हणजे तुमच्या सध्याच्या सॉकेटचं, भाग्य असं की २०१७ चा बोर्डही २०२२ च्या प्रोसेसरपर्यंत पोचतो. बी४५० ला तर तो आधार आहेच, बी३५० आणि एक्स३७० च्या बोर्डांनाही एएमडीने २०२२ मध्ये परवानगी दिली.

हेच उत्तर मी सगळ्यांना देणार नाही. तुमच्या जागी त्याच काळातला इंटेलचा चार कोअरचा आय५-७४०० वाला असता तर त्याला मी नवा प्लॅटफॉर्मच सुचवला असता. त्याचा सॉकेट ११५१, पुढच्या पिढीतल्या सहा कोअरच्या आय५-८४०० चा सॉकेटही ११५१, पण तो त्याच्या जुन्या बोर्डावर चालत नाही, त्याला ३०० मालिकेचाच चिपसेट लागतो. सॉकेटचं नाव वाचून घेतला आणि हात चोळत बसला, अशी माणसं मी पाहिलीयत. इंटेलच्याच १७०० सॉकेटवर बाराव्या पिढीचा प्रोसेसर असलेल्यांना तेरावी-चौदावी पिढी त्याच बोर्डावर बसवता येते, पण त्यांनी आधी बायोस अद्ययावत करावा. त्या दोन पिढ्यांतले वरच्या श्रेणीचे प्रोसेसर चुकीच्या व्होल्टेजमुळे कायमचे बिघडत होते आणि इंटेलने २०२४ मध्ये त्यावर मायक्रोकोडची (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची) दुरुस्ती दिली, ती बायोसमधून येते. ज्यांचा मॉनिटर साठ हर्ट्झचा आहे किंवा जे ४के वर खेळतात, त्यांचा प्रोसेसर बहुतेक वेळा निर्दोष सुटतो.

तुमच्या बाबतीत पारडं झुकवणारी आणखी एक गोष्ट: विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत पहिल्या पिढीचे रायझन नाहीत. ५६०० आहे. गेमपुरता निर्णय काठावर असेल तर यामुळे तो बदलाच्या बाजूला झुकतो.

इथवरचं एका दमात: झाकण उघडून रॅम बघा, एक्सएमपी आणि तापमान बघा, गर्दीच्या जागी १०८०पी आणि ७२०पी मोजा. फ्रेम हलल्या नाहीत तर ५६०० घ्या, हलल्या तर पैसे खिशात ठेवा.

घ्यायचं ठरलं तर बसवण्याबद्दल, कारण खरी मोडतोड इथे होते. जुना प्रोसेसर आत असतानाच बायोस अद्ययावत करा. नवा बसवल्यावर आठवण आली तर पडदा काळाच राहील. बोर्डाच्या कंपनीच्या पानावर प्रोसेसरची यादी असते, त्यात ५६०० समोर कोणती आवृत्ती लिहिलीय ते बघून तिच्याइतकी किंवा तिच्यानंतरची टाका. काही बोर्डांवर मधली एक आवृत्ती आधी टाकावी लागते, तिथल्या सूचना शेवटपर्यंत वाचा. विंडोजने ड्राइव्ह एन्क्रिप्ट केली असेल तर बिटलॉकरची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवा. या बोर्डांवर टीपीएम (एन्क्रिप्शनच्या किल्ल्या जपणारा भाग) बहुधा प्रोसेसरच्याच आत असतो, तो बदलला की पहिल्याच बूटला ‘नवा प्रोसेसर दिसतोय, एफटीपीएम रीसेट करू का’ असं विचारलं जातं. ‘वाय’ दाबलं आणि की जवळ नसली तर डेटा समोर असून कुलूपबंद.

कूलर काढताना घाई नको. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात आणि सॉकेट त्यांना फक्त चिमटीत धरतं, वरून झाकण नाही. जुनी पेस्ट डिंकासारखी घट्ट झालेली असते. कूलर सरळ वर ओढला की प्रोसेसर सॉकेटमधून उपटून त्याच्या बुडाला चिकटून बाहेर येतो. माझ्या हातून एकदा असं झालंय. ‘टक्’ असा आवाज आला, कूलर उलटा करून बघितला तर प्रोसेसर त्याला लटकलेला आणि कोपऱ्यातल्या सहा-सात पिना आडव्या. यांत्रिक पेन्सिलीतली शिशाची कांडी काढून, तिच्या नळीत एकेक पिन धरून सरळ केली. प्रोसेसर वाचला, पण त्या अर्ध्या तासात मी श्वास घेतल्याचं आठवत नाही. म्हणून आधी एखादा गेम वीस मिनिटं चालवून पेस्ट ऊबदार होऊ द्या, मग मशीन बंद करा, वायर काढा, स्क्रू सैल करा आणि कूलर डावीकडे-उजवीकडे पिळत राहा. तो स्वतःहून सुटल्याचं हाताला कळतं, मगच उचला. त्या काळच्या स्क्रूवाल्या कूलरचे स्क्रू बोर्डाच्या मागच्या लोखंडी पट्टीत बसतात. स्क्रू निघाले की ती पट्टी मागे घरंगळते, म्हणून दुसरा हात बोर्डाच्या मागे ठेवा किंवा मशीन आडवं करा.

नवा बसल्यावर विंडोज नव्याने टाकायची गरज नसते, चिपसेटचा ड्रायव्हर ताजा करा की झालं. बायोसची सेटिंग मूळ पदावर गेलेली असतील, एक्सएमपी पुन्हा चालू करा. १६०० वर ३२०० टिकत नव्हतं तरी ५६०० वर टिकेल, त्याला तेवढं अधिकृतपणेच झेपतं. मग तो कागद काढा आणि तेच दृश्य पुन्हा मोजा. आता १०८०पीवर कार्ड नव्वदच्या वर गेलं, तर काम फत्ते.

जुना १६०० लगेच विकू नका. नव्याच्या प्लॅस्टिकच्या डबीत पिना वर करून महिनाभर ठेवा. नव्यावर मशीन बंद पडायला लागलं तर दोष बोर्डाचा की प्रोसेसरचा हे तोच सांगेल. मात्र नव्या बायोसच्या यादीत १६०० अजून आहे ना ते बघून घ्या. बायोसची चिप लहान असलेल्या काही बोर्डांनी नव्यांना जागा करून देताना जुन्यांची नावं वगळली आहेत.

७२०पीचे आकडे आले की इथेच लिहा, बरोबर कार्डाचा वापरही लिहा. नुसत्या फ्रेम लिहिल्यात तर मी परत तोच प्रश्न विचारेन.